आधी पाणी, मग भिंत

इंग्लंडमधल्या डर्बीशायरमध्ये मॅम टॉर नावाची टेकडी आहे. तिच्या उतारावरून ए-६२५ हा रस्ता एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढला गेला आणि १९७९ मध्ये तो वाहनांसाठी कायमचा बंद झाला. त्याचे तुकडे अजून तिथेच पडून आहेत. तुटलेल्या कडेतून रस्त्याचं पोट दिसतं. डांबर, खडी, पुन्हा डांबर, पुन्हा खडी, असे थरावर थर. काही ठिकाणी त्यांची जाडी दोन मीटरच्या घरात जाते. एवढं जाड डांबर कुठल्याच वाहतुकीला लागत नाही. रस्ता खचला की खड्डा भरायचा, वर नवा थर टाकायचा, पुढच्या ओल्या हिवाळ्यात तो खचायचा आणि पुन्हा भरला जायचा. दीडशे वर्षं हे चाललं, आणि दरवेळी सरकत्या उताराच्या अंगावर आणखी थोडं वजन चढलं. टेकडी आजही सरकतेच आहे.

सरकत्या डोंगरावरून जाणारा महामार्ग जिथे जिथे आहे, तिथे कमीअधिक फरकाने हेच घडतं. रस्ता बंद पडतो, दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा लागतात, ओरड होते, आणि सगळी यंत्रणा एकाच प्रश्नाच्या मागे लागते: रस्ता कधी सुरू होणार? प्रश्न रास्त आहे. पण पहिला प्रश्न तो असला की पुढची सगळी कामं चुकीच्या क्रमाने होतात. मलबा उचलला जातो, संरक्षक भिंत उभी राहते, डांबर पडतं. डोंगर किती खोलवर सरकतोय, किती वेगाने सरकतोय आणि त्याच्या पोटात पाणी कुठून येतंय, हे विचारायला कुणाकडे वेळ नसतो आणि अंदाजपत्रकात त्यासाठी पैसाही नसतो. हा क्रम उलटा करायला हवा, असं माझं ठाम मत आहे. आधी मोजणी, मग पाण्याचा निचरा, आणि भिंतीचं नाव त्यानंतर. तेवढं करूनही डोंगर थांबत नसेल तर तिथून रस्ता काढून घेण्याचा निर्णय वेळेवर आणि लोकांना विचारून व्हायला हवा.

मुळात आपली भाषाच इथे थोडा घोटाळा करते. कड्यावरून दगड सुटून रस्त्यावर आले तरी आपण ‘दरड कोसळली’ म्हणतो आणि अख्खा उतार रस्त्यासकट वर्षाला काही सेंटीमीटर खाली निघाला तरी ‘दरड’च म्हणतो. पहिल्या दुखण्यावर जाळी, खिळे आणि दगड अडवणारा चर हे चांगले उपाय आहेत. दुसऱ्या दुखण्यावर त्यांचा काडीचा उपयोग नाही. तिथे जमिनीचा वीस, तीस, कधी त्याहून कितीतरी जास्त मीटर जाडीचा थर खालच्या पक्क्या थरावरून घसरत असतो. रस्ता ही त्या थराच्या पाठीवर ओढलेली एक रेघ. पाच मीटर उंचीची भिंत बांधली आणि तिचा पाया दोन मीटर खोल नेला, तर भिंतही पायासकट सरकत्या थरातच बसली. दोन पावसाळ्यांनी ती फुगते, तिला तडे जातात, आणि मग काम निकृष्ट होतं म्हणून ठेकेदाराला शिव्या बसतात. कधी काम खरंच निकृष्ट असतं. पण उत्तम सिमेंटची, चोख बांधलेली भिंतही तिथे टिकली नसती, हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

अशी जागा रस्त्यावरून जाताना ओळखता येते. डांबरावर कमानीच्या आकाराची भेग असते, तिची दोन्ही टोकं उताराकडे वळलेली. भेगेची उताराकडची बाजू डोंगराकडच्या बाजूपेक्षा बोटभर, वीतभर खाली गेलेली. भेगेवर डांबराचं ठिगळ, त्या ठिगळालाही नवी भेग. कडेचा लोखंडी कठडा सरळ रेषेत न राहता मध्येच नागमोडी झालेला. वरच्या उतारावरची झाडं बुंध्यापाशी वाकून मग सरळ वाढलेली. आणि रस्त्याच्या खालच्या अंगाला, भर उन्हाळ्यातही, हिरव्यागार गवताचा एक पट्टा. मला या सगळ्यांत सर्वांत बोलका वाटतो तो हा गवताचा पट्टा. पाणी डोंगरातून कुठे बाहेर पडतंय, हे तो फुकटात सांगत असतो.

पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण सगळा खेळ तिथेच आहे. उतारावरची माती आपल्याच वजनाने खाली ओढली जाते आणि घर्षण तिला धरून ठेवतं. धरणारं बल आणि ओढणारं बल यांचा भागाकार म्हणजे सुरक्षितता गुणांक. नव्या उताराचं संकल्पन करताना तो दीडच्या आसपास ठेवतात. सरकत्या डोंगराच्या बाबतीत तो एकच्या आगेमागे घुटमळत असतो. घर्षण किती मिळणार, हे मातीच्या कणांनी एकमेकांना किती जोराने दाबलंय यावर ठरतं. कणांमधल्या फटींत पाणी भरलं की त्याचा दाब वरच्या वजनाचा काही भाग स्वतःवर तोलून धरतो, कणांचं एकमेकांवरचं दडपण कमी होतं आणि पकड सुटते. अभियंता कार्ल तेरझागी यांनी १९२० च्या दशकात हे सूत्र मांडलं आणि मृदा यांत्रिकीचं आधुनिक शास्त्र त्यावरच उभं राहिलं. पाणी माती ‘भिजवून मऊ’ करतं हा आपला नेहमीचा समज अर्धाच खरा आहे. पाण्याचा दाब माती उचलून धरतो, हे खरं कारण.

त्यात आणखी एक गोष्ट. जो डोंगर एकदा सरकला, त्याच्या सरकपृष्ठावरचे, म्हणजे वरचा थर ज्यावरून घसरतो त्या पृष्ठावरचे, चिकणमातीचे कण घासून घासून एकाच दिशेला झोपतात. ताज्या मातीचा घर्षणकोन, म्हणजे तिची पकड मोजणारा कोन, वीस-पंचवीस अंश असेल तर अशा गुळगुळीत झालेल्या पृष्ठावर तो दहा-बारा अंशांवर येऊ शकतो. ब्रिटिश अभियंता ए. डब्ल्यू. स्केम्प्टन यांनी १९६४ च्या आपल्या रँकिन व्याख्यानात हा मुद्दा नीट उलगडून दाखवला. सरकलेला डोंगर पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, असा त्याचा सरळ अर्थ. हजारो वर्षांपूर्वी सरकून शांत पडलेल्या उताराचीही एवढीच शिल्लक ताकद असते, म्हणून पायथ्याची थोडी खोदाई किंवा माथ्यावरचा थोडा भराव त्याला पुन्हा जागं करायला पुरतो.

आता दुरुस्तीचं वेळापत्रक पाहा. डोंगर पावसात सरकतो, मलबा पावसानंतर उचलला जातो आणि भिंत कोरड्या महिन्यांत बांधली जाते. त्या महिन्यांत भूजल उतरलेलं असतं, म्हणून डोंगर तसाही थांबलेलाच असतो. भिंत पूर्ण होते, डोंगर हलत नाही, काम यशस्वी म्हणून बिल निघतं. यश उन्हाचं, श्रेय भिंतीला. पुढचा पाऊस साधारण झाला तर आणखी एक वर्ष निघून जातं. जोरदार झाला की ‘अभूतपूर्व अतिवृष्टी’ हे कारण तयार असतंच. या चक्रात सगळेच प्रामाणिक असू शकतात आणि तरीही पैसा वाहून जाऊ शकतो.

या चक्रातून बाहेर पडायचं तर मोजायला हवं. मोजणीचं मुख्य साधन साधं आहे. सरकत्या थरातून आरपार खालच्या पक्क्या खडकापर्यंत बोअर मारतात आणि त्यात आतून चार उभ्या खाचा असलेली नळी बसवतात. इनक्लिनोमीटर नावाचं चाकांचं उपकरण त्या खाचांतून तळापर्यंत सोडतात आणि वर ओढताना दर अर्ध्या मीटरवर नळीचा कल नोंदवतात. काही आठवड्यांनी पुन्हा तेच. दोन नोंदींचे आलेख एकावर एक ठेवले की खालचा भाग जुळतो, वरच्या भागाचा आकार तोच पण तो बाजूला सरकलेला दिसतो, आणि मधल्या एका खोलीवर ठळक मुरड दिसते. डोंगर तिथे कापला जातोय. हालचाल जास्त असेल तर काही महिन्यांनी नळीच त्या खोलीवर इतकी वाकते की उपकरण खाली उतरत नाही, अडकतं. म्हटलं तर उपकरण वाया गेलं. पण कुठे अडकलं, तो आकडा लाखमोलाचा असतो, कारण भिंतीचा पाया किंवा पाइल, म्हणजे जमिनीत रोवलेले खांब, कुठवर न्यायचे हे त्या एका आकड्यावरून ठरतं. शेजारी पिझोमीटर असेल तर त्या खोलीवरचा पाण्याचा दाबही कळतो, आणि किती पाऊस पडला की किती दिवसांनी डोंगर हलतो याचा हिशेब बसू लागतो.

डोंगर समजून न घेता काम केलं तर काय होतं, याचं उदाहरण कॅलिफोर्नियात पोर्तुगीज बेंड इथे सापडतं. १९५६ मध्ये लॉस एंजेलिस काउंटी, म्हणजे तिथलं जिल्हा प्रशासन, तिथे क्रेनशॉ बुलेव्हार्ड हा रस्ता पुढे वाढवत होती. कामातला भराव एका प्राचीन, निपचित पडलेल्या भूस्खलनाच्या माथ्यावर पडला आणि डोंगर जागा झाला. शंभराहून जास्त घरं गेली. रहिवासी न्यायालयात गेले, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये काउंटीला जबाबदार धरलं. सार्वजनिक कामामुळे झालेलं नुकसान सोसायचं ओझं मूठभर घरमालकांवर टाकता येणार नाही, असं त्या निकालाचं सार. रस्ते बांधणाऱ्या प्रत्येक खात्याने हा निकाल भिंतीवर लावावा.

तिथली पुढची गोष्टही तितकीच बोलकी आहे. पालोस व्हर्डेस ड्राइव्ह साउथ हा किनाऱ्याचा रस्ता त्या सरकत्या जमिनीवरून आजही जातो आणि सतत नव्याने डांबरला जातो. सांडपाण्याची मोठी वाहिनी तर जमिनीवरून उघडी नेलेली आहे, म्हणजे ती वाकली तर दिसते आणि दुरुस्त करता येते. १९८० च्या दशकात तिथे विहिरी खोदून भूजल उपसायला सुरुवात झाली आणि वेग बराच कमी झाला. मग २०२३ आणि २०२४ चे लागोपाठ ओले हिवाळे आले. २०२४ च्या उन्हाळ्यात काही भाग आठवड्याला सुमारे ३० सेंटीमीटर सरकू लागला. त्याच वर्षी लक्षात आलं की हालचाल आधी माहीत असलेल्या पृष्ठाच्या बऱ्याच खाली, जवळपास १०० मीटर खोलीवरही होतेय. मग आणखी खोल विहिरी खोदल्या गेल्या आणि वेग पुन्हा मंदावला. सत्तर वर्षं ज्या डोंगराचा अभ्यास झाला तो असा चकवू शकतो, तर जिथे एकही बोअर मारलेलं नाही तिथे भिंतीची लांबी-रुंदी कशाच्या आधारावर ठरते, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

निचऱ्याची कामं दिसायला अगदी किरकोळ असतात. माथ्यावरच्या भेगा मातीने बुजवणं. वरून येणारं पाणी भेगांत शिरण्याआधीच पक्क्या गटारातून बाजूला काढणं. रस्त्याच्या मोऱ्यांचं पाणी उताराच्या मधोमध न सोडता सरकत्या भागाच्या बाहेर नेऊन सोडणं (हे एवढं साधं काम कितीदा उलटं केलेलं असतं!). आणि खोल पाण्यासाठी आडवे निचरा पाइप. डोंगराच्या पायथ्याकडून आत, किंचित वर चढत जाणारी लांब भोकं पाडून त्यांत सच्छिद्र पाइप घालतात. पाणी आपल्या वजनाने बाहेर येतं, पंप लागत नाही, वीज लागत नाही. आतली पाण्याची पातळी काही मीटर उतरली तरी सुरक्षितता गुणांकात पडणारा फरक अनेकदा लांबलचक भिंतीपेक्षा मोठा असतो.

मग हे सगळीकडे का होत नाही? एक कारण असं की त्याचं उद्घाटन करता येत नाही. डोंगरातून बाहेर आलेल्या, थेंब थेंब गळणाऱ्या पाइपच्या तोंडासमोर फीत कापायला कोण जाईल? दुसरं कारण जास्त गंभीर आहे. हे पाइप गाळाने, मुळांनी, चुना आणि लोहाच्या साक्याने बुजतात. काही वर्षांच्या अंतराने ते दाबाच्या पाण्याने धुवावे लागतात. भिंतीचं कंत्राट भिंत बांधून संपतं, निचऱ्याचं काम कधीच संपत नाही. आपत्कालीन निधी भरभरून मिळतो, देखभालीच्या निधीला मात्र दरवर्षी कात्री लागते. बुजलेला पाइप मग ‘निचरा करून पाहिला, उपयोग झाला नाही’ याचा पुरावा म्हणून दाखवला जातो.

जपानने हे फार आधी ओळखलं. १९५८ मध्ये तिथे भूस्खलन प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा झाला. ओसाका आणि नारा यांच्या मधल्या कामेनोसे इथे यामातो नदीच्या काठचा डोंगर १९३१-३२ मध्ये सरकला, नदीचं पात्र वर उचललं गेलं आणि वरच्या भागात पूर आला. डोंगरातून जाणारा रेल्वेचा बोगदा चिरडला गेला. रेल्वेने हट्ट धरला नाही, मार्ग नदीच्या पलीकडच्या काठावर नेला. पण डोंगर तसाच सोडून देणं शक्य नव्हतं, कारण नदी पुन्हा अडली आणि तो बांध फुटला तर खालच्या अंगाला असलेल्या ओसाकाच्या सखल भागालाच पुराचा धोका. म्हणून १९६० च्या दशकापासून तिथे पाणी गोळा करणाऱ्या विहिरी, निचऱ्याचे बोगदे आणि सहा मीटरहून जास्त व्यासाचे अवाढव्य काँक्रीटचे खांब अशी दशकानुदशकं कामं झाली. २००८ मध्ये निचऱ्याचा बोगदा खोदताना त्या जुन्या रेल्वे बोगद्याचा शाबूत राहिलेला विटांचा तुकडाच कामगारांना सापडला. प्रचंड खर्च करून डोंगर रोखायचा तो असा, खाली काय पणाला लागलंय हे ठरवून. आणि तिथेही खांबांच्या जोडीला पाणी काढलं गेलंच.

पायथ्याबद्दल थोडक्यात. सरकत्या उताराचा पायथा हा त्याला टेकू असतो. रुंदीकरणासाठी तो कापला की वरचं सगळं मोकळं होतं. नदीने तो कुरतडला तरी तेच होतं. उलट पायथ्याशी दगडांचा जाड भराव टाकला तर उतार सावरतो. माथ्याकडून रस्ता जात असेल तर तिथल्या भरावात मातीऐवजी हलके पॉलिस्टायरीनचे (थर्मोकोलचे) ठोकळे वापरता येतात. त्यांचं वजन मातीच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास असतं आणि नॉर्वेत १९७२ पासून रस्त्यांखाली ते वापरले जाताहेत. चौपदरीकरणाची रेघ नकाशावर ओढताना जुन्या भूस्खलनांचा नकाशा शेजारी ठेवला, तर यातली निम्मी डोकेदुखी जन्मालाच येणार नाही.

आता सोडून देण्याचा प्रश्न. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला डेव्हिल्स स्लाइड नावाचा किनाऱ्याचा टप्पा आहे. हायवे वन या किनारी महामार्गाचा हा भाग १९३७ मध्ये सुरू झाला आणि पुढे वारंवार बंद पडला. १९९५ मध्ये पाच महिने, २००६ मध्ये चार महिने. राज्याच्या रस्ते खात्याला डोंगरावरून वळसा घालणारा मोठा रस्ता हवा होता, स्थानिकांना बोगदा. नोव्हेंबर १९९६ मध्ये सॅन मटेओ काउंटीत चक्क मतदान झालं आणि सुमारे ७४ टक्के मतं बोगद्याच्या बाजूने पडली. २०१३ मध्ये जवळपास सव्वा किलोमीटर लांबीचे जुळे बोगदे सुरू झाले, खर्च सुमारे ४४ कोटी डॉलर. जुना रस्ता दुसऱ्या वर्षी पायवाट म्हणून लोकांसाठी खुला झाला. मला या कथेतलं बोगद्याचं तंत्र दुय्यम वाटतं. लोकांसमोर पर्याय ठेवले गेले, त्यांनी किंमत समजून एक निवडला, हे महत्त्वाचं. बोगदा हा काही रामबाण उपाय नव्हे. तो सरकपृष्ठाच्या मागून, पक्क्या खडकातून गेला तरच टिकतो, नाहीतर कामेनोसेच्या बोगद्यासारखा कापला जातो. म्हणजे इथेही आधी बोअर आणि मोजणी आलीच.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा: तुम्ही आलेख काढत बसाल आणि पलीकडच्या खोऱ्यातल्या माणसांनी काय करायचं? आजारी माणूस, बाळंतीण, नासणारा माल, परीक्षेला निघालेली मुलं यांना तुमच्या इनक्लिनोमीटरचं काय? हा आक्षेप मी मनापासून मान्य करतो. एकच रस्ता असलेल्या खोऱ्याला थांबायला सांगणं क्रूरपणाचं आहे. पण थांबा असं मी म्हणतच नाही. वाट तात्पुरती मोकळी करा, खडीची एक मार्गिका चालू ठेवा, अवजड वाहनं थांबवा, भेगा बुजवा, गटार वळवा, आणि त्याच आठवड्यात बोअर मारायला घ्या. फक्त तात्पुरत्याला तात्पुरतंच म्हणा. त्यावर ‘कायमस्वरूपी दुरुस्ती’ची पाटी लावू नका, कारण त्या पाटीवर विश्वास ठेवून बस रात्री तिथून जाते.

हिमाचल प्रदेशात मंडी-पठाणकोट महामार्गावर कोटरोपी इथे १२ आणि १३ ऑगस्ट २०१७ च्या मधल्या रात्री डोंगर खाली आला. राज्य परिवहनच्या दोन बस त्यात सापडल्या आणि ४६ माणसं गेली. त्याच वर्षी २० मे रोजी कॅलिफोर्नियातल्या बिग सर किनाऱ्यावर मड क्रीक इथे वीस लाखांहून जास्त घनमीटर माती-दगड हायवे वनवरून समुद्रात गेले. तिथे एकही माणूस दगावला नाही. रस्ता आधीच बंद होता, आणि उताराची हालचाल वाढल्याचं दिसताच कामगार आणि यंत्रं काही दिवस आधी बाहेर काढली होती. दोन्ही डोंगर सारखे नव्हते, दोन्हीकडची परिस्थिती सारखी नव्हती, हे मला ठाऊक आहे. तरीही एका ठिकाणी कुणीतरी उताराकडे पाहत होतं, ही गोष्ट उरतेच. मड क्रीकचा रस्ता पुढे त्या मलब्यावरूनच नव्याने बांधला गेला आणि चौदा महिन्यांनी सुरू झाला. म्हणजे डोंगरावर नजर ठेवली तर रस्ता कायमचा जातो, असंही नाही.

तेव्हा सरकत्या डोंगरावरच्या कोणत्याही महामार्गाच्या कामाची निविदा निघण्याआधी तीन गोष्टी सक्तीच्या असाव्यात असं मला वाटतं. किमान एका पावसाळ्याच्या इनक्लिनोमीटर आणि पिझोमीटरच्या नोंदी हव्यात. कामाच्या रकमेतच निचऱ्याच्या पाइपांची पुढच्या दहा वर्षांची सफाई धरलेली हवी, आणि ती कोण करणार त्या पदाचा उल्लेख हवा. आणि वेगाची एक मर्यादा आधीच ठरलेली हवी, जी ओलांडली की जागेवरचा कनिष्ठ अभियंता कुणालाही न विचारता रस्ता बंद करू शकेल. या नोंदी दर महिन्याला सगळ्यांना वाचता येतील अशा ठिकाणी लागाव्यात. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या चालकाला इनक्लिनोमीटरचा आलेख कळणार नाही, हे मला पटत नाही. गेल्या महिन्यात डोंगर चार मिलिमीटर सरकला आणि या महिन्यात चाळीस, एवढं वाचलं की आज रात्री त्या वाटेने जायचं की नाही, हे तो स्वतः ठरवेल.